कोण कुणाशी बोलतं?

रुग्णालयाचं नेटवर्क कुणी आखत नाही, ते होत जातं. आधी बिलिंगच्या खिडकीवर दोन कॉम्प्युटर येतात. मग औषधांच्या दुकानाला तेच बिल दिसायला हवं म्हणून एक केबल खाली उतरते. लॅबमध्ये नवं मशीन येतं, त्याचा इंजिनिअर जवळचा स्विच शोधतो, रिकामं पोर्ट दिसलं की त्यात केबल खोचतो आणि कागदावर सही घेऊन संध्याकाळची गाडी पकडतो. एक्स-रे डिजिटल होतो, कॅमेरे लागतात, हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र येतं, डॉक्टरांना वायफाय हवं असतं. दहा-बारा वर्षांनी फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घातलं की निळ्या-करड्या केबलींचा नुसता गुंता दिसतो आणि त्यातली कुठली कशाची हे सांगू शकणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

असे गुंते सोडवणं हे माझं काम. मी नेटवर्क आखून देते आणि त्याच आखणीत डेटा सुरक्षित कसा राहील हेही बघते. पतसंस्था, कॉलेजं, साखर कारखाने असं बरंच काही झालं. पण लिहावंसं वाटतं ते पश्चिम महाराष्ट्रातल्या, तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाबद्दल. दीडशे खाटा, चार मजले आणि सगळी यंत्रं १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या एकाच मालिकेत. कॅन्टीनच्या बिलाचा कॉम्प्युटर, आयसीयूतला कॉम्प्युटर, सीटी स्कॅनचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हिशेबनिसांची टॅली, सगळं शेजारी शेजारी. चाळीच्या गॅलरीसारखं, एकदा जिना चढून आलं की कुठल्याही दारापर्यंत चालत जाता येतं.

ट्रस्टींना जाग आली ती दिल्लीच्या एम्समुळे. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथले सर्व्हर बंद पडले. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुणीतरी कुलूपबंद करून टाकला होता. देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयात जवळजवळ दोन आठवडे केसपेपर, तपासण्या, बिलं हातानं लिहिली गेली. पुढे संसदेत सरकारनं जे उत्तर दिलं त्यात कारण सांगितलं होतं: नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते. आमच्या धंद्यातल्या लोकांनी ते वाक्य वाचून एकमेकांना फोन केले. हल्लेखोर फार हुशार होते, तंत्र फार नवं होतं, असलं काही नाही. आखणीतली चूक. अशी आखणी आम्ही रोज बघतो.

ट्रस्टची पहिली कल्पना अशी की, एक भारीतली फायरवॉल घ्यायची. तसा कोटेशन घेऊन येणारा माणूसही येऊन गेला होता आणि त्याच्या माहितीपत्रकात दर तिसऱ्या ओळीत ‘एआय’ होतं. फायरवॉल लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण फायरवॉल म्हणजे शेवटी रूलची यादी. कुठल्या यंत्रानं कुठल्या यंत्राशी कशासाठी बोलावं, एवढंच तिला सांगायचं असतं. सांगितलेलं तेवढं चालू, बाकी सगळं बंद. हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ मध्येच नीट मांडून ठेवलं आहे: परवानगी हा अपवाद असावा, नकार हा नियम. म्हणायला सोपं. करताना पहिल्याच ओळीला अडतं, कारण ‘सांगितलेलं तेवढं’ कोण सांगणार? सर्व्हर रूममध्ये हे कुणालाच माहीत नसतं. ते माहीत असतं बिलिंगच्या खिडकीवरच्या बाईंना, लॅब टेक्निशियनला, वॉर्डच्या सिस्टरना.

म्हणून मी लाल कापडी पुठ्ठ्याचं एक रजिस्टर घेतलं आणि विभागाविभागात जाऊन बसायला लागले. नकाशाची सॉफ्टवेअरं आहेत, नेटवर्क धुंडाळून यंत्रांची यादी देणारी साधनं आहेत, तीही मी वापरते. पण साधन सांगतं की अमुक यंत्र आहे. त्या यंत्राशिवाय सकाळी दहा वाजता कुणाचं काय अडेल, हे ते सांगत नाही. जनआरोग्य योजनेचे कागद अपलोड करणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, माझं पोर्टल बंद पडलं तर पेशंटला मंजुरी मिळत नाही, आणि नातेवाईक मला धरतात, तुम्हाला नाही.” रजिस्टरमध्ये त्याच्या कॉम्प्युटरच्या पुढे मी तेच वाक्य लिहून ठेवलं. पुढे कुठलं दुरुस्तीचं काम कधी काढायचं, हे ठरवताना त्या वाक्याचा उपयोग झाला.

सगळ्यात जास्त वेळ गेला सीटीच्या खोलीत. मशीन चांगलं, पण त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७. मायक्रोसॉफ्टनं त्याला सुरक्षा दुरुस्त्या देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. मशीनची कंपनी म्हणते, आमच्याशिवाय कुणी हात लावला तर वॉरंटी संपली. आणि त्यांच्याकडून नवी आवृत्ती घ्यायची तर जे पैसे लागतात त्यात ट्रस्टचं एक डायलिसिस मशीन येईल. बाहेरून बघणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो. आत बसल्यावर कळतं की टेक्निशियन, डॉक्टर, ट्रस्टी, कुणाच्याच हातात ते नाही.

त्यात सीटीच्या प्रतिमा ज्या पद्धतीनं पाठवतात ती, म्हणजे डायकॉम, मुळात विश्वासावर चालणारी आहे. प्रतिमेच्या फायलीच्या सुरुवातीलाच पेशंटचं नाव, वय, तपासणीची तारीख उघडपणे लिहिलेली असते. मशीननं समोरच्या सर्व्हरला ओळख द्यायची ती एका नावानं, जास्तीत जास्त सोळा अक्षरांच्या. पासवर्ड नाही. नाव बरोबर सांगितलं की सर्व्हर प्रतिमा घेतो, आणि मागितल्या तर देतोही. कूटबद्ध करून पाठवायची सोय या पद्धतीत आहे, पण जुन्या मशीनना ती झेपत नाही. आणि ते नाव टेक्निशियननं टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवलेलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, सर्व्हिस इंजिनिअर दर वेळी तेच विचारतो.

अशा यंत्राला सुधारता येत नाही, तेव्हा त्याच्याभोवतीची जागा आखायची. सीटी, एक्स-रे, सोनोग्राफी यांचं वेगळं व्हीएलॅन, म्हणजे नेटवर्कमधला स्वतंत्र भाग, केलं. तिथून फक्त प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरकडे जाता येतं, तेही ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या दारानं, आणि पेशंटची यादी घेण्यापुरतं रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरकडे. इंटरनेट नाही. हे झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला, त्याला बंगळुरूहून मशीनमध्ये शिरता येईना. चौकशी केल्यावर कळलं, त्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क कायम चालू ठेवलेलं होतं आणि ज्याच्याकडे पासवर्ड असेल तो कुणालाही न विचारता दिवसरात्र कधीही आत येऊ शकत होता. तो पासवर्ड त्यांच्या किती माणसांकडे आहे, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, “मॅडम, आमचा तोच पासवर्ड सगळीकडे असतो.” आता त्यांना आमच्या व्हीपीएनमधून, म्हणजे खासगी बंदिस्त रस्त्यानं, यावं लागतं. टेक्निशियननं फोनवर हो म्हटलं की दार उघडतं आणि चार तासांनी आपोआप बंद होतं. कंपनी सुरुवातीला बरीच कुरकुरली.

रूल लिहून झाले की ते लगेच लावायचे नसतात. आधी फायरवॉलला सांगायचं, अडवू नकोस, फक्त काय अडवलं असतंस ते लिहून ठेव. त्या लॉगमध्ये रुग्णालयाचं खरं चरित्र दिसतं. आमच्या लॉगमध्ये एक ओळ रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला यायची: आयसीयूतल्या कॉम्प्युटरवरून अकाउंट्सच्या कॉम्प्युटरकडे, पोर्ट ४४५. म्हणजे विंडोजचं शेअर्ड फोल्डर. रजिस्टरमध्ये असं काही नव्हतं. आयसीयूचा हिशेबाशी काय संबंध? हे तेच पोर्ट, ज्यावरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. खरं तर त्या भोकावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती.

आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरना विचारलं. त्या चार्टवरची नजर न काढता म्हणाल्या, “ते होय? अहो, आमचा प्रिंटर बंद आहे.”

हकीकत अशी निघाली. प्रिंटर बिघडला, नवा मागणारा कागद स्टोअरमध्ये अडकला. उद्या लागणाऱ्या सामानाची यादी तर रोज छापून, सही करून द्यावीच लागते; हातानं लिहिलेली स्टोअर घेत नाही. अकाउंट्समधल्या एका मुलानं मदत म्हणून आपल्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर करून दिलं. सिस्टर त्यात यादी टाकतात, तो सहा वाजता प्रिंट काढतो, आयसीयूचे मामा खाली येऊन घेऊन जातात. पासवर्डची कटकट नको म्हणून फोल्डर सगळ्यांना वाचायला, लिहायला, पुसायला मोकळं. आणि बाहेरून येणाऱ्या बिलांच्या ईमेल दिवसभर उघडणारा कॉम्प्युटर कुठला? तोच. एखाद्या बनावट बिलातून काही आत आलं असतं, तर आयसीयूपर्यंतचा रस्ता त्याला तयार होता.

मी तो रस्ता बंद केला आणि त्याआधी ट्रस्टच्या कार्यालयात जाऊन प्रिंटरचा कागद सोडवून आणला. त्या वर्षीच्या सगळ्या खरेदीत सुरक्षेसाठी सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी तो साधा लेझर प्रिंटर सांगते. खर्चाच्या तक्त्यात तो ‘नेटवर्क सुरक्षा’ या शीर्षकाखाली घालायला ऑडिटर तयार नव्हते. मी घातला.

हे ऑडिटर हा एक स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात उरकते. त्यांच्या तक्त्यात दर पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलण्याचा रकाना असतो. अमेरिकेच्या ज्या ‘निस्ट’ संस्थेच्या मार्गदर्शनावर निम्मं जग चालतं, तिनं ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, असं २०१७ मध्येच सांगितलं. माणसं शेवटचा आकडा वाढवतात, बाकी काही करत नाहीत. पण तक्ता बदलत नाही. वॉर्डात तर पाळी बदलताना तीन सिस्टर एकाच लॉगिनवर काम करतात, कारण बाहेर पडून पुन्हा आत जायला लागणारा वेळ पेशंटच्या वेळेतून जातो. त्यांना दटावून काही होत नाही. ओळखपत्र टेकवून चार आकडी पिन टाकला की काम सुरू, असं केलं तेव्हा प्रत्येकीच्या नावानं नोंदी यायला लागल्या. कॅज्युअल्टीत मात्र मी कॉम्प्युटर आपोआप लॉक होणं मुद्दाम ठेवलं नाही. तिथे तो उघडाच असतो, फक्त त्यावरून जुन्या पेशंटच्या फायली दिसत नाहीत. माझ्या क्षेत्रातल्या काही जणांना हे पटत नाही. त्यांनी एकदा रात्री अपघाताची जीप येताना तिथे उभं राहावं.

घड्याळांचं काम कुणी सांगितलं नव्हतं. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यातल्या दोन गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ आहेत: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. तिसरीकडे कुणी बघत नाही. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत. आमच्याकडे सीटीचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं, कॅमेऱ्यांचं तासभर मागे, आणि अंगठ्याच्या यंत्राला दर वेळी वीज गेल्यावर नवं वर्ष लागायचं. लॉग १८० दिवस ठेवले काय नि वर्षभर ठेवले काय, आधी काय घडलं आणि मग काय घडलं हेच लावता येत नसेल तर ते वाचायचे कसे?

वैद्यकीय अधीक्षकांना मी हे हल्ल्याच्या संदर्भात सांगत होते. त्यांना एकदम वेगळंच दिसलं. “म्हणजे पोलीस केसमध्ये पेशंट आत आला तेव्हाचा कॅमेरा, केसपेपर आणि स्कॅन, तिन्हीच्या वेळा वेगळ्या?” हो, वेगळ्या. मेडिकोलीगल केस कोर्टात गेली असती तर वकिलानं तेवढ्यावर तास घेतला असता. घड्याळांच्या कामाला त्याच संध्याकाळी मंजुरी मिळाली. मुख्य स्विचच वेळ देणारा केला, म्हणजे इंटरनेट बंद असलेल्या सीटीलाही वेळ मिळाली. खर्च शून्य.

बॅकअप होता. बॅकअप सगळ्यांकडे असतो. इथे सर्व्हरच्या रॅकमध्येच एक नास, म्हणजे डेटा साठवायची पेटी, बसवलेला आणि तो सर्व्हरवर झेड ड्राइव्ह म्हणून कायम जोडलेला. सर्व्हरवर जो बसेल त्याला तो दिसणार, म्हणजे डेटा कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामलाही दिसणार. मी ट्रस्टींना मर्स्कची गोष्ट सांगितली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या हल्ल्यानं या जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क काही तासांत झोपवलं. आपल्या जेएनपीटीमधलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही अडकलं. हजारो सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. कुणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे त्यांचे मुख्य सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे सगळे एकाच वेळी पुसले गेले. एक वाचला, घानामधला. कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती.

यावर एक ट्रस्टी हसून म्हणाले, “मग आपलं भारनियमनच बरं होतं.” विनोद बरा होता आणि मुद्दाही नेमका तोच होता: जी प्रत जोडलेली नाही तीच वाचते. आता दोन डिस्क आलटूनपालटून लागतात. एक जोडलेली असताना दुसरी ट्रस्टच्या कार्यालयात, लोखंडी कपाटात, पावती पुस्तकांच्या शेजारी. आणि दर तिमाहीला कुठल्याही एका दिवसाचा डेटा वेगळ्या कॉम्प्युटरवर परत उभा करून बिलिंगच्या बाईंना दाखवायचा. त्यांनी त्या दिवसाचं एक बिल ओळखून सही केली तरच बॅकअप झाला असं धरायचं. इंजिनिअरची सही मी त्या कागदावर घेत नाही.

सगळ्यात नाजूक प्रकरण कॅमेऱ्यांचं निघालं. एका ज्येष्ठ ट्रस्टींना घरून मोबाइलवर कॅमेरे दिसायचे. त्यासाठी कुणीतरी डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा केला होता. फायरवॉलमध्ये तसा रूल होता आणि त्याच्या शेऱ्यात ‘तात्पुरता’ असं लिहिलेलं. तारीख पाच वर्षांपूर्वीची. मी तो बंद केला आणि दुपारी बोलावणं आलं.

“ताई, माझ्याच दवाखान्यात मला बघायची बंदी? मी काय चोर आहे?”

“तुम्हाला नाही साहेब. हे बघा फक्त.” मी आदल्या रात्रीचा लॉग छापून नेला होता. त्या एका पोर्टवर रात्रभर परक्या पत्त्यांवरून दार ठोठावणं चालू होतं. नाव ॲडमिन, पासवर्ड १२३४५. नाव रूट, पासवर्ड रिकामा. माणूस नव्हता तो. कॅमेरे आणि डीव्हीआर शोधत फिरणारे प्रोग्राम. २०१६ मध्ये मिराई नावाच्या अशाच एका प्रोग्रामनं कंपनीतून जसेच्या तसे आलेले साठेक पासवर्ड वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. साहेबांनी चष्मा लावून पानं उलटली. मग विचारलं, “आपला पासवर्ड काय होता?” मी सांगितला. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मोबाइलवर व्हीपीएन टाकून दिलं. एक जास्तीचं बटण दाबावं लागतं, त्याबद्दल ते अजून तक्रार करतात आणि दाबतात.

त्या दिवसापासून ‘तात्पुरता’ हा शेरा बंद केला. प्रत्येक रूलला कुणासाठी, कशासाठी आणि कधीपर्यंत हे तीन रकाने सक्तीचे. तारीख उलटली की रूल आपला आपण मिटतो. मुदत वाढवायची असेल तर ज्याला हवा त्यानं येऊन मागायचं. पहिल्या वर्षात बरेच रूल असे मिटले आणि त्यातल्या बहुतेकांसाठी कुणीच आलं नाही.

२०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झाल्यावर खरेदी समितीत मला बसायला खुर्ची मिळाली. आता नवं मशीन घेताना टेंडरला एक पान जोडलेलं असतं. विंडोजची आवृत्ती कुठली, त्याला दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, दुरून दुरुस्तीला कसं येणार, मशीन परत नेताना आतला पेशंटचा डेटा कोण पुसणार आणि तसं कुणाच्या सहीनं लिहून देणार. या पानावर भांडण होतं, पण ते मशीन येण्याआधी होतं. आल्यानंतर भांडायला ट्रस्टकडे काहीच नसतं. मागच्या महिन्यात एमआरआयसाठी एका कंपनीनं ते पान भरून पाठवलं. ‘कोणत्या यंत्रांशी संपर्क आवश्यक’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं ‘सर्व’, आणि ‘कोणते पोर्ट’ या रकान्यातही ‘सर्व’. पान परत पाठवलं आहे. त्यांच्या विक्री अधिकाऱ्याचा रोज फोन येतो की, मॅडम, दुसरीकडे हे कुणी विचारत नाही. मी त्यांना सांगितलं, तुमच्या ज्या इंजिनिअरनं मशीन बसवायचं आहे त्याला पाठवा, मी आणि तो रजिस्टर घेऊन बसतो.